कोवळ्या खांद्यांवर अपेक्षांचे ओझे : हॉकीपटू घडायला वेळ का लागतो?

चेन्नई येथे ७ डिसेंबर २०२५ रोजी कनिष्ठ विश्वचषक हॉकी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने भारताचा ५-१ असा पराभव केला, तेव्हा मायदेशातील सुवर्णपदकाची आशा मावळली. अवघ्या तीन दिवसांनी याच संघाने कांस्यपदकाच्या लढतीत अर्जेंटिनाविरुद्ध दोन गोलांनी पिछाडीवर असताना अखेरच्या सत्रात चार गोल नोंदवले आणि ४-२ असा विजय मिळवला. २०१६ नंतर या स्पर्धेतील भारताचे हे पहिलेच पदक होते. निराशा आणि जल्लोष या दोन टोकांमधील अंतर केवळ तीन दिवसांचे होते. मैदानावरची मुले मात्र तीच होती, सर्वच्या सर्व २१ वर्षांखालील.

कनिष्ठ गटातील प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर देशातील हॉकीप्रेमींच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : यातील पुढचा हरमनप्रीत कोण, पुढचा श्रीजेश कोण? प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सहा महिन्यांत मिळावे, ही अपेक्षा मात्र खेळाच्या स्वभावाशी जुळत नाही. ज्या खेळाडूंची नावे आज उदाहरण म्हणून घेतली जातात, त्यांची कारकीर्द तपासली तर प्रत्येकाच्या वाट्याला अपयशाची, राखीव बाकावरची किंवा संघाबाहेरची काही वर्षे आलेली दिसतात. त्या वर्षांत त्यांना कोणी मोडीत काढले नाही, हेच त्यांच्या पुढील यशाचे एक प्रमुख कारण ठरले.

अपेक्षांचे मूळ

भारतीय हॉकीपटूच्या खांद्यावरचे ओझे त्याच्या जन्माआधीच तयार झालेले असते. ऑलिम्पिकमध्ये भारताने हॉकीत आजवर १३ पदके मिळवली असून त्यांपैकी आठ सुवर्ण आहेत. १९२८ ते १९५६ या काळात सलग सहा सुवर्णपदके, त्यानंतर १९६४ आणि १९८० मध्ये आणखी दोन, असा हा वारसा आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकनंतर पुढचे पदक मिळण्यास मात्र ४१ वर्षे लागली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकसाठी तर भारतीय पुरुष संघ पात्रही ठरू शकला नव्हता. वैभवाची स्मृती आणि दीर्घ दुष्काळाची अस्वस्थता यांमुळे एखादा अठरा वर्षांचा मुलगा दोन सामन्यांत चमकला, तरी त्याच्यात तारणहार शोधला जातो.

वास्तविक या वारशाचा पहिला धडा धीराचाच आहे. मेजर ध्यानचंद १९२२ मध्ये लष्करात दाखल झाले. पलटणीच्या आणि आंतरपलटण सामन्यांत ते पुढील काही वर्षे खेळत राहिले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये पाच सामन्यांत १४ गोल करणारे ध्यानचंद २२ वर्षांचे होते आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा वर्षांचा स्पर्धात्मक हॉकीचा अनुभव होता. जगाला ते एकाएकी दिसले. घडत मात्र ते बराच काळ होते.

रिओचे शून्य, पॅरिसचे दहा

आजच्या पिढीत धीराचे सर्वांत ठळक उदाहरण भारतीय पुरुष संघाचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याचे आहे. पंजाबमधील अमृतसर जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबात ६ जानेवारी १९९६ रोजी जन्मलेला हा मुलगा २०११ मध्ये जालंधरच्या सुरजित हॉकी अकादमीत दाखल झाला. २०१४ च्या सुलतान ऑफ जोहोर चषक स्पर्धेत नऊ गोल करून त्याने सर्वांचे लक्ष वेधले. पुढच्याच वर्षी त्याला वरिष्ठ संघात स्थान मिळाले. २०१५ च्या कनिष्ठ आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध भारताने ६-२ असा विजय मिळवला, त्यातील चार गोल त्याचे होते. जून २०१६ मध्ये लंडनच्या चॅम्पियन्स करंडक स्पर्धेत भारताने रौप्यपदक पटकावले आणि सर्वोत्तम युवा खेळाडूचा मान हरमनप्रीतला मिळाला.

दोन महिन्यांनी रिओ ऑलिम्पिकसाठी तो भारतीय संघात होता. वय वीस. पेनल्टी कॉर्नरसाठी व्ही. आर. रघुनाथ आणि रुपिंदरपाल सिंग हे अनुभवी खेळाडू संघात होतेच. तरीही या नव्या ड्रॅग फ्लिकरकडून मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात त्या स्पर्धेत त्याच्या नावावर एकही गोल लागला नाही. भारताचा प्रवास उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमकडून १-३ असा पराभव होऊन संपला.

येथे निर्णायक ठरले ते त्यानंतर घडलेले. ऑलिम्पिक खेळून आलेला हा खेळाडू चार महिन्यांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, लखनौला कनिष्ठ संघातून विश्वचषक खेळला. वरिष्ठ संघातून कनिष्ठ संघात जाणे ही पदावनती मानली गेली नाही. आपल्या वयाच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध जबाबदारी घेऊन खेळण्याची आणि चुकण्याची मुभा त्याला तेथे मिळाली. भारताने ती स्पर्धा जिंकली. पाच वर्षांनी टोकियोत हरमनप्रीतने सहा गोल केले आणि भारताने कांस्यपदकासह दीर्घ प्रतीक्षा संपवली. २०२०-२१ आणि २०२१-२२ अशा सलग दोन हंगामांत आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने त्याला जगातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवले.

त्यानंतरही आलेख सरळ वर गेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये ओडिशातील विश्वचषकात तो कर्णधार होता. पेनल्टी कॉर्नरवर गोल होईनात. न्यूझीलंडविरुद्धची लढत ३-३ अशी बरोबरीत सुटल्यावर शूटआऊटमध्ये भारत पराभूत झाला आणि घरच्या मैदानावर संयुक्त नवव्या स्थानावर फेकला गेला. प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी पद सोडले. कर्णधाराच्या फॉर्मवर जाहीर टीका झाली. मात्र नवे प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांच्या काळातही नेतृत्व त्याच्याकडेच राहिले. त्याच वर्षी हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत अंतिम सामन्यात जपानला ५-१ असे नमवून भारताने सुवर्णपदकासह पॅरिसचे तिकीट मिळवले. पॅरिसमध्ये भारताने केलेल्या १५ गोलांपैकी १० गोल एकट्या हरमनप्रीतचे होते. स्पेनविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यातील दोन्ही गोल त्यानेच नोंदवले. तेव्हा त्याचे वय २८ होते.

रिओतील शून्य आणि पॅरिसमधील दहा या दोन आकड्यांमध्ये आठ वर्षे आहेत. रिओनंतर लगेच त्याच्याविषयी अंतिम निकाल दिला गेला असता, तर भारताकडे पॅरिसमध्ये तो नसता.

कौशल्य उशिरा का पिकते?

हरमनप्रीतला लागलेला वेळ हा अपवाद नाही. ड्रॅग फ्लिक हे हॉकीतील सर्वांत अवघड कौशल्यांपैकी एक आहे. पेनल्टी कॉर्नरवर गोलरेषेलगत उभा असलेला खेळाडू चेंडू आत ढकलतो. तो १४.६३ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाबाहेर गेल्यावर दुसरा खेळाडू थांबवतो आणि तिसरा तो स्टिकच्या वळणात घेऊन जमिनीलगत खेचत गोलकडे भिरकावतो. सरळ फटका मारला तर गोलरेषा ओलांडताना चेंडूची उंची ४६० मिलिमीटरपेक्षा अधिक असून चालत नाही. फ्लिकला ही मर्यादा नसल्याने ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच गोलचा प्रत्येक कोपरा फ्लिकरसाठी खुला होतो. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास गोलरेषेवर पोहोचतो. समोरून बचावपटू अंगावर धावून येत असतात, त्यामुळे फ्लिकरलाही विचार करायला तेवढाच क्षण मिळतो.

या क्रियेत ताकद केवळ मनगटातून येत नाही. पावलांची लय, वाकलेले गुडघे, कंबरेची पिळवटलेली फिरकी आणि खांद्यांची झेप यांचा मेळ एका क्षणात साधावा लागतो. वाढत्या वयात हाडे आणि स्नायू पुरते बळकट झालेले नसतात. अशा वेळी दररोज शेकडो फ्लिक मारण्याचा अट्टहास पाठीच्या खालच्या भागावर आणि कंबरेवर ताण आणतो. म्हणूनच जाणते प्रशिक्षक कोवळ्या वयात फ्लिकची संख्या मोजून देतात, आधी शरीराची बांधणी करतात आणि वेगापेक्षा अचूकतेवर भर देतात. या काळात आकडेवारीत फारसे काही दिसत नाही. पुढे दिसणाऱ्या गोलांची पेरणी मात्र याच काळात होते.

कौशल्य शिकल्यावरही दुसरा टप्पा उरतो. नवा फ्लिकर पहिल्या वर्षी गोल करतो, कारण प्रतिस्पर्ध्यांना त्याची सवय नसते. पुढच्या वर्षी प्रत्येक संघ त्याच्या चित्रफिती पाहून येतो. तो कोणत्या कोपऱ्याकडे झुकतो, पाऊल कसे टाकतो, याचा अभ्यास झालेला असतो आणि गोल आटतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही घसरण वाटते. प्रत्यक्षात खेळाडूने नवी तऱ्हा शोधण्याची ती वेळ असते. अपेक्षांचा भार याच वेळी सर्वाधिक जाचतो.

मातीच्या किंवा गवताच्या मैदानावर हॉकी शिकलेल्या मुलांना आणखी एक वळण पार करावे लागते. कृत्रिम मैदानावर चेंडूचा वेग आणि उसळी वेगळी असते. मातीवर उपयोगी पडणारी थांबून चकवण्याची सवय तेथे महागात पडते. १५ मिनिटांच्या चार सत्रांचा आजचा खेळ, खेळाडूंची सतत होणारी अदलाबदल आणि दर दोन-तीन मिनिटांनी पूर्ण वेगाने धावण्याची गरज यांच्याशी शरीर जुळवून घ्यायलाही काही हंगाम जावे लागतात.

गोलरक्षकाची प्रतीक्षा

धीराची खरी परीक्षा गोलरक्षकाच्या वाट्याला येते, कारण मैदानात जागा एकच असते. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात १९८८ मध्ये जन्मलेला पी. आर. श्रीजेश बाराव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडा विद्यालयात गेला, तेव्हा त्याला हॉकीची विशेष ओढ नव्हती. धावणे, लांब उडी, व्हॉलीबॉल असे प्रयोग करून झाल्यावर प्रशिक्षकांच्या सल्ल्याने त्याने गोलरक्षकाचे पॅड बांधले. २००६ मध्ये कोलंबो येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याने वरिष्ठ संघाकडून पदार्पण केले.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे संघात येण्याजाण्याची होती. एड्रियन डिसूझा आणि भरत छेत्री हे ज्येष्ठ गोलरक्षक पुढे होते. २०११ मध्ये चीनमधील ऑर्डोस येथे पहिल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक बचाव करून त्याने आपली चुणूक दाखवली. पुढच्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. तेथे गाडी थांबू शकली असती. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम शूटआऊटमध्ये श्रीजेशने भारताला सुवर्णपदक आणि रिओचे थेट तिकीट मिळवून दिले, तेव्हा पदार्पणाला आठ वर्षे झाली होती.

पुढची कथा सर्वज्ञात आहे. टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या काही सेकंदांत मिळालेल्या पेनल्टी कॉर्नरवर त्याने केलेला बचाव, पॅरिसमध्ये अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यानंतर दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या भारताला ग्रेट ब्रिटनविरुद्ध शूटआऊटमध्ये मिळालेला विजय आणि कांस्यपदक गळ्यात घालून घेतलेला निरोप. हॉकी इंडियाने त्याच्या १६ क्रमांकाच्या जर्सीलाही त्याच्यासोबत निवृत्त केले. ज्याला स्वतःला इतकी वर्षे थांबावे लागले, त्याच श्रीजेशच्या हाती त्यानंतर कनिष्ठ संघाचे प्रशिक्षकपद आले. २०२४ मध्ये मस्कतला कनिष्ठ आशिया चषक जिंकणारा आणि चेन्नईत कांस्यपदक मिळवणारा संघ त्याच्याच मार्गदर्शनाखाली खेळला.

श्रीजेशच्या सावलीत आणखी एक प्रतीक्षा सुरू होती. लखनौच्या २०१६ च्या कनिष्ठ विश्वचषकात उपांत्य सामन्याच्या शूटआऊटमध्ये ऑस्ट्रेलियाला रोखणारा नायक विकास दहिया होता. त्याचा सहकारी गोलरक्षक कृष्ण बहादूर पाठक राखीव होता. पाठकने जानेवारी २०१८ मध्ये वरिष्ठ संघात पदार्पण केले. पण टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकना तो राखीव गोलरक्षक म्हणूनच गेला. श्रीजेशच्या निवृत्तीनंतर जागा मोकळी झाली तेव्हा तो २७ वर्षांचा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीर येथे दक्षिण कोरियाला ४-१ असे नमवून आशिया चषक जिंकणाऱ्या आणि २०२६ च्या विश्वचषकात प्रवेश मिळवणाऱ्या संघात गोलची जबाबदारी पाठक आणि मुंबईच्या सूरज करकेरा यांच्यावर होती. कनिष्ठ वयात राखीव असणे म्हणजे गुणवत्तेचा अभाव नव्हे, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

लखनौ ते टोकियो

एका खेळाडूऐवजी संपूर्ण संघ पाहिला तरी हेच चित्र दिसते. १८ डिसेंबर २०१६ रोजी लखनौमध्ये हरेंद्र सिंग यांच्या प्रशिक्षणाखाली भारताने बेल्जियमला २-१ असे हरवून १५ वर्षांनी कनिष्ठ विश्वचषक जिंकला. त्या संघातील हरमनप्रीत, मनदीप सिंग, वरुण कुमार, सुमित, नीलकांत शर्मा, गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंग हे सात खेळाडू साडेचार वर्षांनी टोकियोतील कांस्यपदक विजेत्या संघात होते.

यातील सिमरनजीतची गोष्ट विशेष बोलकी आहे. लखनौच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला होता. टोकियोसाठी मात्र पहिल्या १६ खेळाडूंत त्याचे नाव नव्हते. करोना महामारीमुळे संघांना राखीव खेळाडू वापरण्याची मुभा मिळाली आणि त्याला संधी लाभली. जर्मनीविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात भारताच्या पाच गोलांपैकी दोन त्याचे होते. संघाबाहेर असताना त्याची तयारी थांबली असती, तर त्या दिवसाचा निकाल वेगळा लागू शकला असता.

याच गोष्टीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. लखनौचा विजेता कर्णधार हरजीत सिंग टोकियोच्या संघात नव्हता. त्याच्या जीवनावर २०१८ मध्ये ‘हरजीता’ हा पंजाबी चित्रपटही आला, तरी वरिष्ठ संघातील स्थान टिकले नाही. शूटआऊटचा नायक दहियाही टोकियोला गेला नाही. कनिष्ठ स्तरावरचे यश ही हमी नसते. धीर धरला म्हणून प्रत्येक खेळाडू शिखरावर पोहोचतोच असे नाही. मात्र कोण पोहोचणार हे विसाव्या वर्षी ठरवता येत नाही, म्हणून सर्वांनाच पुरेसा वेळ देणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

लवकर उमललेल्यांचे काय?

काही खेळाडू खरोखरच लवकर तयार होतात. हरियाणातील शाहाबाद मारकंडा येथे प्रशिक्षक बलदेव सिंग यांच्या तालमीत घडलेल्या राणी रामपालने २००८ मध्ये, चौदाव्या वर्षी, भारतीय महिला संघात स्थान मिळवले. २०१० च्या अर्जेंटिनातील विश्वचषकात तिने सात गोल केले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम युवा खेळाडू ठरली. भारत तेव्हा नवव्या स्थानी होता. म्हणजे पंधरा वर्षांची मुलगी संघाच्या आक्रमणाचा मोठा भार पेलत होती.

राणीलाही कनिष्ठ स्तराचा आधार मिळाला. २०१३ मध्ये जर्मनीत भारताने महिलांच्या कनिष्ठ विश्वचषकात कांस्यपदक पटकावले, त्यात ती स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू होती. तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी टोकियोत ऑस्ट्रेलियाला १-० असे नमवून प्रथमच ऑलिम्पिकची उपांत्य फेरी गाठली. पदार्पणापासून त्या क्षणापर्यंत १३ वर्षे लोटली होती. त्यानंतर स्नायूंच्या दुखापतीने तिला गाठले, २०२२ चा विश्वचषक हुकला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाची तिशी पूर्ण होण्याआधीच, तिने निवृत्ती जाहीर केली. लवकर सुरू झालेल्या कारकिर्दीत शरीराचा हिशेबही लवकर मांडला जातो. अशा खेळाडूला जपून वापरणे ही संघाची जबाबदारी असते.

मध्य प्रदेशच्या विवेक सागर प्रसादच्या बाबतीत हे भान दिसले. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये त्याने वरिष्ठ संघात पदार्पण केले. २०१९ चा जगातील सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू हा मान त्याला मिळाला. टोकियोचे कांस्यपदक मिळाल्यानंतर काही महिन्यांनीच तो भुवनेश्वरच्या कनिष्ठ विश्वचषकात कर्णधार म्हणून उतरला. तेथे भारत चौथा आला. महिलांमध्येही सलिमा टेटे, लालरेमसियामी आणि शर्मिला देवी या टोकियो ऑलिम्पिक खेळलेल्या मुली २०२२ च्या कनिष्ठ विश्वचषकात खेळल्या. आपल्या वयोगटात परतण्याची ही वाट खुली ठेवणे, हा भारतीय हॉकीने गेल्या दशकात शिकलेला महत्त्वाचा धडा आहे.

धीर म्हणजे व्यवस्था

धीर धरा, असे सांगणे सोपे आहे. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी हॉकी खेळते, त्या घराला धीर परवडतोच असे नाही. भारतातील हॉकीपटू बहुतांशी शेतकरी, मजूर आणि निम्न उत्पन्न गटातील कुटुंबांतून येतात. राणीचे वडील घोडागाडी चालवत असत. अशा कुटुंबासाठी मुलीने आणखी पाच वर्षे सराव करणे म्हणजे पाच वर्षे एक मिळकत कमी, असा सरळ हिशेब असतो. रेल्वे, पोलीस दले, सैन्यदले आणि सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्या यांनी खेळाडूंना दिलेल्या नोकऱ्या म्हणूनच भारतीय हॉकीचा कणा ठरल्या. ठरावीक पगार हातात आला की खेळाडूला खराब हंगाम सोसण्याचे बळ मिळते. क्रीडा विद्यालये आणि निवासी अकादमी हेच काम आणखी लवकर करतात. राहणे, खाणे आणि शाळा यांची चिंता मिटली की घरच्यांचा निकालाचा आग्रह सैल होतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. पुण्याजवळच्या खडकीतून आलेले धनराज पिल्ले यांनी १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय पदार्पण केले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पुढे चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई क्रीडा स्पर्धा खेळून त्यांनी वयाच्या पस्तिशीपर्यंत भारतीय आक्रमणाची धुरा वाहिली. अलीकडे सातारा जिल्ह्यातील अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके या शेतकरी कुटुंबांतील मुली राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आल्या आणि २०२२ च्या कनिष्ठ विश्वचषकानंतर त्यांनी वरिष्ठ संघाचे दार ठोठावले. हॉकीची परंपरा नसलेल्या गावातून भारतीय संघापर्यंतचा हा रस्ता प्रबोधिनीतील अनेक वर्षांच्या मुक्कामाशिवाय कापता आला नसता.

सामन्यांचा अनुभव ही व्यवस्थेची दुसरी बाजू. सात वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये प्रत्येक संघात चार कनिष्ठ खेळाडू असणे बंधनकारक करण्यात आले. जगातील आघाडीच्या खेळाडूंसोबत एकाच ड्रेसिंग रूममध्ये काही आठवडे काढल्याने तरुण खेळाडूची भीड चेपते. तेथे केलेली चूक राष्ट्रीय शोकाचा विषय होत नाही, हाही मोठा लाभ.

तिसरी बाजू प्रेक्षकांची आणि माध्यमांची आहे. एका गोलमुळे ‘नवा ध्यानचंद’ आणि एका चुकलेल्या फ्लिकमुळे ‘अपेक्षाभंग’ अशी शीर्षके देण्याचा मोह टाळता येतो. विशीतील खेळाडूचे मूल्यमापन करताना त्याने किती गोल केले यासोबत काही साधे प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. तो मागच्या वर्षीपेक्षा वेगळे काय शिकला? त्याला नेमकी कोणती भूमिका दिली होती? तो किती मिनिटे मैदानात होता? दुखापतीतून परतल्यावर त्याला पुरेसे सामने मिळाले का? या प्रश्नांची उत्तरे शोधली, तर बऱ्याचदा अपयश वाटणारी गोष्ट शिक्षणाचा एक टप्पा असल्याचे ध्यानात येते.

पुढची वाट

२०२६ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियम येथे विश्वचषक आणि जपानमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा होत आहेत. आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णपदक म्हणजे २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकचे थेट तिकीट. त्यामुळे चेन्नईतील कांस्यपदक विजेत्यांपैकी काहींना तातडीने वरिष्ठ संघात घ्यावे, अशी मागणी होणे साहजिक आहे. त्यांतील एखाद-दुसरा खेळाडू राणीप्रमाणे लवकर तयार असेलही. उरलेल्यांची खरी वेळ २०२८ किंवा त्यानंतर, २०३२ मध्येही येऊ शकते.

जर्मनीविरुद्ध पाच गोल स्वीकारणारा आणि तीन दिवसांनी अर्जेंटिनावर चार गोल करणारा हा संघ किती चांगला आहे, याचे उत्तर त्या दोन सामन्यांत शोधण्यात अर्थ नाही. रिओत गोलविना परतलेल्या वीस वर्षांच्या मुलाविषयीचे उत्तर पॅरिसमध्ये मिळाले होते, आणि त्यासाठी देशाला आठ वर्षे थांबावे लागले होते.